तुरटी ज्याची त्याची



दाढीनंतर तुरटी कशाला फिरवतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. चुरचुर थांबते, बारीकसं कापलं असेल तर रक्त थांबतं, चेहरा आवळल्यासारखा वाटतो. आफ्टरशेव्हची बाटली घरात आली तरी कित्येकांना शेवटी तुरटीच हवी असते. तेव्हा तुरटीचे गुण गाण्यात मी वेळ घालवणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कारण रेडिओ ऐकता ऐकता आपण गॅस बारीक करायला उठतो आणि नेमकं तेवढंच ऐकायचं राहून जातं.

तर ती गोष्ट अशी. तुरटी जरूर वापरा, पण आपली आपली वापरा. दुसऱ्याच्या गालावरून आलेला खडा आपल्या गालावर फिरवून घेऊ नका.

रविवारी सकाळी कुठल्याही सलूनमध्ये जाऊन बसा. नव्वदच्या दशकात एड्सची माहिती गावोगाव पोचली आणि लोक ‘पातं नवं घाला’ असं सांगायला शिकले. आज सांगावंही लागत नाही. कारागीर कागदातून पातं काढतो, तुमच्यादेखत मोडतो, त्यातलं अर्धं वस्तऱ्यात बसवतो. ही फार मोठी सुधारणा आहे आणि तिचं श्रेय आपल्या नाभिक बांधवांना मनापासून द्यायला हवं. पण नंतर काय होतं ते बघा. उलटा हात मारून होतो, फेस पुसला जातो, आणि आरशाखालच्या फळीवरून खडा उचलला जातो. पातं माझ्यासाठी नवं आलं. खडा मात्र माझ्याआधीच्या सगळ्यांचा आहे.

हा खडा कधी हातात घेऊन बघितलाय? नवा असतो तेव्हा आरपार दिसतो, कडा धारदार असतात. चार-सहा आठवडे वापरला की तो दुधाळ होतो, मधोमध खोलगट होतो, त्याला बारीक चिरा पडतात. त्या चिरांत वाळलेला फेस असतो, केसांचे कण असतात. आणि उजेडात धरलात तर एखाद्या कडेला फिकट तांबूस छटाही दिसते. ती कशाची, हे वेगळं सांगायला हवं का?

यावर लगेच उत्तर येतं : ‘अहो, तुरटीच ती! तिनं तर जंतू मरतात!’ हा समज आपल्या मनात घट्ट बसला आहे, म्हणून जरा पाण्याच्या हंड्यापाशी जाऊ.

पावसाळ्यात गढूळ पाणी येतं, तेव्हा आई किंवा आजी हंड्यात तुरटी फिरवते. दोन-चार वळसे दिले, झाकण ठेवलं, की सकाळी वरचं पाणी निवळशंख आणि तळाशी गाळ. काय झालं त्या हंड्यात? मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम त्यांचं हे दूर ढकलणं थांबवतं. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, जड होऊन खाली बसतात. पुष्कळसे जंतूही त्या गाळाबरोबर खाली जातात. पण खाली गेले म्हणजे मेले असं नाही, आणि सगळेच खाली जातात असंही नाही. म्हणून तर आपल्या जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी दिल्यावर काम संपत नाही. पुढे वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, घरी मेडिक्लोरचे थेंब घालतात किंवा पाणी उकळतात, ते याचसाठी. निवळलेलं पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हंड्यातून पुन्हा गालावर या. वस्तरा फिरल्यावर कातडीवर नजरेला न दिसणारे ओरखडे उठतात, एखाददुसऱ्या जागी रक्ताचा ठिपका येतो. इथेही तुरटी जवळपास तेच काम करते. रक्तातली प्रथिनं ती साकळवते, वरची कातडी आकसून घेते, बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं मिटवते. हंड्यात गाळ तळाशी बसतो, आपण वरचं पाणी ओतून घेतो आणि गाळ फेकून देतो. दाढीत हा गाळ बसतो कुठे? काही तुमच्या जखमेवर, आणि काही त्या खड्यावर. तो फेकून कुणी देत नाही. तो तसाच पुढच्या गिऱ्हाइकाच्या गालावर जातो. आणि इथे पुढे क्लोरीनही नाही.

काही जंतूंची वाढ तुरटी रोखते, हे खरं आहे. काखेतला वास कमी व्हावा म्हणून लोक ती वापरतात, ते त्यामुळेच. पण वाढ रोखणं निराळं आणि रक्तातले विषाणू मारणं निराळं. त्या कामासाठी तुरटीवर भरवसा ठेवता येत नाही.

बरं, वस्तरा उकळता येतो, कात्री जंतुनाशकात बुडवून ठेवता येते, पातं बदलता येतं. तुरटीचं काय कराल? तिच्या वजनाचा जवळजवळ ४५ टक्के भाग पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. सुमारे ९२ अंश सेल्सिअसला ती त्या स्वतःच्याच पाण्यात वितळते, आणि उकळत्या पाण्यात टाकली तर विरघळून जाते. म्हणजे तुरटीचा खडा निर्जंतुक करून पुन्हा फळीवर ठेवण्याचा सोपा मार्गच नाही. नळाखाली धरला की वरचा थर वाहून जातो हे खरं, पण चिरांतलं तिथेच राहतं. म्हणून पुन्हा सांगतो : तुरटी ज्याची त्याची.

भीती कसली, असं विचाराल. दाढीच्या जागी केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या, दाढीतला नायटा, गालभर पसरत जाणाऱ्या चपट्या चामखिळी, हे तर नेहमी दिसतं. ते त्रासदायक आहे, पण उपचारानं जातं. मला खरी काळजी आहे ती कावीळ ‘ब’ची, म्हणजे हिपॅटायटिस बीची. या रोगाचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, निदान ७ दिवस तग धरू शकतो. आणि त्याला रक्त दिसेल इतकं लागतही नाही. शिवाय हा विषाणू अंगात असलेल्या कित्येकांना त्याचा पत्ता नसतो. चेहरा निरोगी, तब्येत उत्तम. त्यामुळे ‘आमच्या सलूनमध्ये सगळी ओळखीचीच माणसं येतात’ हे म्हणणं कामाचं नाही. ओळखीच्या माणसाचंही रक्त आपल्याला ओळखू येत नसतं.

घरातही हेच. बाप, दोन मुलगे आणि सुट्टीला आलेला जावई, सगळ्यांना मिळून न्हाणीघरात एक खडा. वसतिगृहात तर खोलीभर पोरांत एक. दात घासायचा ब्रश आपण कुणाला देत नाही, मग रक्ताला लागणारी वस्तू का देतो? बाबांनो, बाजारातून एक मोठा खडा आणा, फोडा आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा तुकडा द्या. डब्या वेगळ्या, जागा वेगळ्या.

आता आपली तुरटी वापरायची कशी, तेही सांगतो, कारण तिथेही घाई होते. दाढी झाली की गार पाण्यानं चेहरा धुवा आणि पुसू नका, ओलाच राहू द्या. खडा ओला करा. हलक्या हातानं गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून फिरवा. घासायचा नाही, नुसता सरकवायचा. जिथे झोंबेल तिथे थांबून लक्षात घ्या, त्या जागी तुमचा हात जड पडला होता. उद्या तिथे हलका ठेवा. अर्धा-एक मिनिट तसंच राहू द्या आणि मग गार पाण्यानं धुऊन टाका. हे धुणं पुष्कळजण विसरतात. तुरटी आम्लधर्मी आहे. ती तशीच सुकू दिली तर कातडी कोरडी पडते, ओढल्यासारखी होते, हिवाळ्यात तर फुटते. धुतल्यावर टॉवेलनं टिपून घ्या आणि कातडी कोरडी असेल तर दोन थेंब खोबरेल लावा. इसब असेल, पिकलेल्या पुळ्या असतील, तर तिथे तुरटी लावूच नका.

खडा नंतर साध्या पाण्यानं धुवा आणि उभा ठेवून वाळवा. साबणदाणीत पाणी साचतं, त्यात तो विरघळून चिकट होतो. लोखंडी फळीवर ठेवलात तर फळी गंजते. खडा पडून कपची उडाली तर ती धार गालाला लावू नका. ओल्या फरशीवर घासून आधी ती कड गोल करा.

कापलं असेल, रक्त येत असेल, तर मोठा खडा त्या जागी लावायचाच नाही. बारीक तुकडा ओला करून मिनिटभर दाबून धरा आणि काम झालं की टाकून द्या. तुरटी इतकी स्वस्त आहे की हा तुकडा जपून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

सलूनच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाइकाला तुरटी हवीच असते, ती बंद करा असं मी म्हणत नाही. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवा आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवा. गालाला काहीच टेकवावं लागत नाही. कापलं असेल तर त्याच पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा लावा आणि तो कचऱ्यात टाका. वापरलेला बोळा पुन्हा बाटलीशी न्यायचा नाही. आणि दादांनो, स्वतःचीही काळजी घ्या. दिवसभर पाती मोडताना तुमच्याच बोटांना चिरा पडतात आणि त्याच बोटांना दुसऱ्याचं रक्त लागतं.

या धोक्यासाठी, म्हणजे कावीळ ‘ब’साठी, लस आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधून काढणारे बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळालं आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. आज आपल्याकडे बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत ही लस देतात. पण आज खुर्चीत बसणारे आणि खुर्चीमागे उभे राहणारे बहुतेकजण ही पद्धत सुरू होण्याआधी जन्मलेले आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. कावीळ ‘क’ला, म्हणजे हिपॅटायटिस सीला, मात्र अजून लस नाही, आणि तीही रक्तातूनच पसरते. कावीळ ‘ब’च्या लशीत तुरटीच्याच गोतावळ्यातला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, लशीचा जोर वाढावा म्हणून. असो, मला वेळ संपल्याची खूण झाली आहे.

तेव्हा मूळ गोष्ट तेवढी पुन्हा सांगून थांबतो. पुढच्या वेळी दाढीला जाल, तेव्हा तुरटीचा आपला तुकडा छोट्या डबीत घालून खिशात न्या. कारागिरानं फळीवरचा खडा उचलला, तर न रागावता, न लाजता म्हणा, ‘दादा, माझी तुरटी मी आणली आहे.’ नवं पातं मागायला आपण शिकलो, तसं हेही शिकू.