डोंगरावरचा सोमवार



मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे आणि त्याच्या राजधानीचं नावही वाहाकाच. या शहरापासून तीसेक किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये हे विणकरांचं गाव लागतं. लोकरीचे गालिचे विणणारं, झापोतेक भाषा बोलणारं. प्रवासी तिथे गालिचे घ्यायला जातात. मला मात्र तुम्हाला तिथल्या घराघरांत जपून ठेवलेल्या वह्यांबद्दल सांगायचं आहे.

या वह्यांमध्ये देण्याघेण्याच्या नोंदी असतात. अमक्याच्या मुलीच्या लग्नात एवढ्या वजनाची टर्की दिली, तमक्याला इतका मका, इतका कोको, इतक्या टॉर्टिया. टर्की वजन करूनच देतात आणि परत येते तेव्हाही वजनात कसर चालत नाही. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आहेर लिहून घेणारा माणूस बसतो, तसंच हे. फक्त इथला हिशेब जास्त काटेकोर आणि जास्त लांबचा. मुलगा लहान असतानाच आईवडील दुसऱ्यांच्या कार्यांत टर्की देत सुटतात, म्हणजे त्याचं लग्न निघेल तेव्हा वही उघडून एकेका घरी निरोप धाडता येतो. लिन स्टीफन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या गावात राहून ह्या व्यवहाराचा अभ्यास केला आहे. गावातल्या संताच्या उत्सवाचा मान एखाद्या घराकडे आला, की जेवणावळी, वाजंत्री, मेणबत्त्या, शोभेची दारू असा सगळा खर्च त्या घराने उचलायचा. ही वही नसती, तर कित्येक घरांना तो मान पेलवलाच नसता.

या देवाणघेवाणीला ग्वेलागेत्सा म्हणतात. आणि जुलै महिन्यात वाहाका शहरात जो प्रचंड नृत्योत्सव होतो, ज्यासाठी देशोदेशीचे पर्यटक महिनोन्‌महिने आधी हॉटेलं धरून ठेवतात, त्याचंही नाव ग्वेलागेत्साच. वहीतली ग्वेलागेत्सा तिकिटं लावून रंगमंचावर कशी चढली, त्याची ही गोष्ट.

शहराच्या कडेला फोर्तीन नावाचा डोंगर आहे. 16 जुलैला कार्मेलच्या मातेचा, म्हणजे येशूच्या आईचा, सण येतो. त्यानंतरच्या सोमवारी, आणि पुन्हा पुढच्या सोमवारी, बायकापोरांसह डोंगरावर जायचं, शिदोऱ्या सोडायच्या, गाणीबजावणी करायची, असा शहरवासीयांचा जुना रिवाज होता. याच दिवसांत पूर्वी मक्याच्या देवतेचा उत्सव व्हायचा आणि ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्यावर आपला सण बसवला, असं सांगतात. मक्याला इथे मान असायचाच. जवळच्या मितला गावापाशी गिला नाकित्स नावाची गुहा आहे, तिथे सापडलेली मक्याची कणसं सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची आहेत. गंमत अशी, की आजच्या उत्सवात ज्या सेन्तेओत्लचं नाव घेतात, ती अॅझ्टेकांची देवता. म्हणजे स्पॅनिश लोक येण्याच्या थोडंच आधी ज्यांनी हे खोरं जिंकलं, त्यांची. झापोतेकांचा स्वतःचा मक्याचा देव पिताओ कोसोबी. पण जाहिरातींत त्याला जागा मिळालेली नाही.

मग आलं 1931 साल. जानेवारीत मोठा भूकंप झाला आणि शहराची दैना उडाली. घरं पडली, पुष्कळ माणसं गाव सोडून गेली. पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, वाहाकाला शहराचा दर्जा मिळून चारशे वर्षं होत होती. खचलेल्या शहराला उभारी द्यायची म्हणून सरकारने एक मोठा सोहळा घाटला. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून लोकांनी आपापल्या पोशाखात यायचं, आपली वाद्यं आणायची, आपल्या मातीतलं काहीतरी शहराला अर्पण करायचं. हा सोहळा फोर्तीन डोंगरावर झाला. योगायोग पाहा, त्याच वर्षीच्या जानेवारीत शहराशेजारच्या मोन्ते आल्बान या प्राचीन नगरीत पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांनी सात क्रमांकाची समाधी उघडली होती आणि आतून सोनं, हिरवे मणी, कोरीव हाडं असा खजिना निघाला होता. समाधी झापोतेकांची, आतल्या वस्तू त्यांच्या शेजारच्या मिश्तेक लोकांच्या. हा ऐवज आज सान्तो दोमिंगोच्या जुन्या मठातल्या संग्रहालयात पाहायला मिळतो आणि तो चुकवू नये. असो. भूकंपाने वाकलेल्या त्या शहराला एकाच वर्षात आपला भूतकाळ जमिनीतूनही मिळाला आणि डोंगरावरही.

पन्नासच्या दशकात हा सोहळा दरवर्षीचा झाला, आणि खेड्यातल्या देवाणघेवाणीचं नाव त्याला कायमचं चिकटलं. 1974 मध्ये डोंगरउतारावर खुलं प्रेक्षागृह बांधलं गेलं.

या उत्सवाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. सरकारने घडवलेला, पर्यटकांसाठी सजवलेला, असं ते म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. सगळ्यात गाजलेलं नृत्य घ्या. राज्यातल्या तुश्तेपेक भागातल्या मुली खांद्यावर अननस घेऊन एका रांगेत नाचतात, प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या गावचं भरतकाम. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. हे नृत्य बसवलं गेलं 1958 मध्ये. तुश्तेपेकचे लोक शेजारच्या व्हेराक्रूझ राज्याच्या धाटणीचं नाचतात, हे गव्हर्नरसाहेबांना रुचेना. त्यांनी नवं काही बसवा म्हणून सांगितलं, आणि पाउलिना सोलीस या शिक्षिकेने ते बसवलं. म्हणजे सरकारी फर्मानातून निघालेलं नृत्य! पण आज तुश्तेपेकच्या मुलीला विचारा, ती त्याला आपलंच म्हणेल. आजीने केलं, आईने केलं, आता मी करते. तिला खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

शिवाय मंचावरही जुना रिवाज पुरता हरवलेला नाही. नाच संपला की प्रत्येक गावचे नर्तक आपल्याकडचा माल प्रेक्षकांत भिरकावतात. अननस, पाव, कॉफीच्या पुड्या, गवती टोप्या. अननस अंगावर येतो तेव्हा डोकं सांभाळावं लागतं, हे सांगून ठेवतो. झेलणाऱ्याने काही परत करायचं नसतं.

तिकिटांचं प्रकरण मात्र बोचरं आहे. पुढच्या विभागांना तिकीट, मागचे मोफत. मोफत जागेसाठी स्थानिक लोक भल्या पहाटेपासून रांगेत उभे. जो डोंगर त्यांचा होता, तिथेच! 2006 मध्ये असंतोषाचा भडका उडाला. शिक्षकांचा संप चालू होता, जूनमध्ये पोलिसांनी त्यांच्यावर बळ वापरलं, आंदोलन पेटलं आणि जुलैमधला सरकारी उत्सव रद्द करावा लागला. शिक्षकांनी मग आपली वेगळी, सर्वांना मोफत अशी लोकांची ग्वेलागेत्सा भरवली. सरकारी उत्सव नंतर पुन्हा सुरू झाला, पण ही दुसरीही टिकली. मला यात या उत्सवाचा जिवंतपणा दिसतो. ज्या गोष्टीची कुणाला पर्वा नसते, तिच्यावरून कुणी भांडत नाही.

जायचं ठरवलंत तर एक ध्यानात ठेवा. 16 जुलैनंतरचा पहिला सोमवार 18 तारखेला आला, तर दोन्ही कार्यक्रम आठवडाभर पुढे जातात. कारण 18 जुलै 1872 रोजी बेनितो हुआरेझ गेले. वाहाकाच्या डोंगरातल्या ग्वेलाताओ खेड्यात जन्मलेला हा झापोतेक मुलगा देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्यांच्या पुण्यतिथीला इथे नाचगाणं होत नाही.

आणि डोंगरावर जाण्याआधी त्या विणकरांच्या गावी जा. जुलैच्या सुरुवातीला तिथल्या चर्चचा उत्सव असतो आणि अंगणात पिसांचं नृत्य चालतं. मोठाले गोल, रंगीत पिसांचे मुकुट घातलेले पुरुष अॅझ्टेक राजा मोक्तेसुमा आणि स्पॅनिश सेनानी कोर्तेस यांची लढाई नाचून दाखवतात. शहरातल्या मंचावर याचा छोटासा तुकडा सादर होतो. गावात ते तासन्‌तास चालतं, उन्हात, जड मुकुट डोक्यावर तोलत. या नर्तकांनी चर्चमध्ये तीन वर्षांचा नवस बोललेला असतो. त्या तीन वर्षांत सणावाराला नाचायचं आणि एरवी मागावर बसायचं. पाहुण्यांना अंगणात उभं राहायला कुणी अडवत नाही, पण सावली शोधून ठेवा.