त्यात काही नाही

१९९४ साली मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या मोहल्ल्यात कपडे शिवणारे मास्टरचाचा वारले. लग्न केलेलं नव्हतं. चाळिसावा झाल्यावर पुतण्यांनी ट्रंक उघडली, तर उर्दू पत्रांचा गठ्ठा निघाला. पुतणे मराठी शाळेत शिकलेले. म्हणून मला बोलावणं आलं. "भाई, घराजागेचं काही आहे का, एवढं बघा."

तीन-चार पत्रं वाचली. सगळी एकाच माणसाची, परगावाहून आलेली. दहा ओळींतच मला उमगलं. पुतण्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "त्यात काही नाही." संध्याकाळी तो गठ्ठा बंबात गेला. चाचांची अब्रू राखली, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. पत्रांवर पत्ता होता. लिहिणाऱ्याला एका ओळीनं कळवावं, हे सुचलंसुद्धा नाही.

समलिंगी माणसांचा इतिहास बराचसा असाच बंबात गेला. भीती खोटी नव्हती. १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत डोक्यावर होतं. सरकारनं मात्र नोंदी ठेवल्या! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं उत्तर हिंदुस्थानात संशयित हिजड्यांची नावं-पत्ते रजिस्टरात चढवले. कुणी कुणावर जीव लावला, याला त्यात रकाना नव्हता.

तो रकाना आता माणसं स्वतःच आखताहेत. अशोक राव कवींनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' काढलं. श्रीधर रंगायन यांनी 'प्रोजेक्ट बोलो'त अनेकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून चित्रित केल्या. लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' तर आपल्या मराठीतच आलं. पण ज्यांचं पुस्तक कधी निघणार नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी मला घरगुती बैठकी मोलाच्या वाटतात. पाच-सहाजण चहा घेऊन बसतात. एकजण स्टेशनातल्या बाकाची गोष्ट सांगू लागतो, दुसरा मध्येच म्हणतो, "अहो, तो बाक मलाही ठाऊक आहे!" कुणीतरी लिहून घेतं. नाव ठेवायचं की गाळायचं, हे सांगणारा ठरवतो.

परवा अशाच बैठकीत, नाव-गाव गाळून, मी आठवेल तेवढं सांगितलं. फार आठवत नाही. एका पत्रात त्या गृहस्थांनी छातीचं आणि बाहीचं माप कळवलं होतं. खाली लिहिलं होतं, इथले शिंपी खांदा बिघडवतात, ईदचा सदरा तुम्हीच शिवा.