शिक्षेआधी ऐकून घेण्याचा हक्क

(परळ येथे कार्यकर्ते, पालक व शिक्षक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



शाळेतील शिस्त हा विषय कामगार चळवळीतील कार्यकर्त्याला दुय्यम वाटण्याचा संभव आहे. परंतु परळ-लालबागच्या इतिहासाशी त्याचे जवळचे नाते आहे. गिरणीचा भोंगा आणि शाळेची घंटा यांच्यामागील विचार बराचसा एकच होता : उशिरा येईल त्याला दंड, चुकेल त्याला शिक्षा, कारण सांगू पाहील त्याला गप्प बसविणे. गिरणीत हा विचार निमूटपणे मान्य झाला नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज दंड करण्यास मनाई केली. दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा ठरली आणि पंधरा वर्षांखालील कामगाराला तर दंडच करता येईना.

त्याच कामगाराचा मुलगा मात्र शाळेत छडी खात राहिला. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना देशभर बंदी घालणारा शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला! कायद्याने छडीला बंदी केली. पण मुलाचे ऐकून घेण्याची सवय कायद्याने लागत नाही. छडीची जागा टोमण्याने घेतली, तर काय साधले?

मुलाच्या वागण्यामागे घर असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि घरोघरचा पगार थांबला. अशा घरातून येऊन वर्गात चिडणाऱ्या, भांडणाऱ्या मुलाला ‘उनाड’ म्हणणे सोपे होते. आज गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. तिथे बारा तास पहारा करणाऱ्या बापाचा मुलगा एका खोलीच्या घरात रात्री नीट झोपू शकला नाही आणि सकाळी उशिरा आला, तर त्याला वर्गाबाहेर उभे करून कोणती शिस्त लागणार? एक तासाचा पाठ तेवढा बुडतो. असे पाठ बुडत गेले की एके दिवशी शाळाच सुटते.

दुसरा मार्ग आपल्याकडे अपरिचित नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते, तेव्हा त्यांनी मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या न रागावता स्वतः आवरल्या. मुलांना ती शिकवण पुरली. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. धाक आणि बक्षिसाचे आमिष या दोहोंवाचून मूल स्वतःला आवरू शिकते, हा त्यांच्या बालशिक्षणाचा पाया होता.

यावर आक्षेप येतो की हे लाड आहेत. तसे नाही. नियम हवेतच, ते थोडे असावेत, मुलांना विचारून केलेले असावेत आणि सर्वांना सारखे लागू असावेत. ज्याने बाक मोडला त्याने तो दुरुस्त करण्यास हात लावावा. दोघे भांडले तर दोघांचेही ऐकावे आणि झालेली हानी कशी भरून काढणार, हे त्यांनाच विचारावे. चांगले काय केले तेही नाव घेऊन सांगावे. ‘शहाणा आहेस’ एवढे म्हटल्याने मुलाला काही कळत नाही. ‘आज तू भांडण सोडवलेस’ हे कळते. मारण्यापेक्षा हे काम कठीण आहे.

कठीण, कारण त्याला वेळ लागतो. आणि इथे माझे अर्थशास्त्र आडवे येते. पस्तीस मिनिटांच्या तासाला वर्गात साठ मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. तीस मुले असतील तर सत्तर. पस्तीस सेकंदांत कोणाची कहाणी ऐकणार? कायदा प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. रिकाम्या जागा न भरता आणि शिक्षकांना इतर कामांना जुंपून त्यांच्याकडून ममतेची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे. ममतेलाही अंदाजपत्रकात तरतूद लागते.

आपल्यातील काही मित्र म्हणतील की समाजरचना बदलल्यावाचून शाळा बदलणार नाही. त्यात तथ्य आहे. परंतु आज तिसरीत बसलेले मूल त्या बदलाची वाट पाहत तिसरीत थांबणार नाही.

म्हणून ठोस काम सुचवितो. सरकारी व अनुदानित शाळांतील व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. पुष्कळ आयांना आपण त्या समितीत बसू शकतो हेच ठाऊक नसते. आपल्या वस्तीतील शाळेत समितीची बैठक कधी होते, हे विचारा. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारा. शिक्षकांना आरोपी करू नका. वर्ग लहान करण्याच्या मागणीत त्यांना बरोबर घ्या. आणि एक नियम प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागू द्या : शिक्षेचा विचार करण्यापूर्वी मुलाचे म्हणणे ऐकले जाईल. गिरणी कामगाराने मिळविलेला हक्क त्याच्या नातवंडांना नाकारण्याचे काहीच कारण नाही.