शोधकामागचीं माणसें

शोधकांच्या गोष्टी मुलांना सांगतांना आपण बहुधा एकाच माणसाची गोष्ट सांगतों. त्याची बुद्धि, त्याची चिकाटी, त्याचीं जागरणें. बाकीचीं माणसें कथेच्या कडेला उभीं राहतात. आज ज्या चित्रपटाविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांत हीं कडेचीं माणसेंच मला अधिक ओळखीचीं वाटलीं.

२०१९ सालीं निघालेला हा चित्रपट आफ्रिकेंतील मलावी देशांत घडतो. नांव ‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’, म्हणजे वाऱ्याला जुंपणारा मुलगा. १९८७ सालीं जन्मलेल्या विल्यम कामक्वाम्बाच्या आत्मकथनावर तो आधारलेला असून दिग्दर्शन चिवेटेल एजिओफोर यांनीं केलें आहे. बापाची भूमिकाहि त्यांचीच. २००१-०२ च्या सुमारास त्या देशांत मक्याचें पीक बुडालें, राखीव धान्य आधींच विकलें गेलें होतें, आणि दुष्काळ पडला. फी देतां येईना म्हणून विल्यमची शाळा सुटली. तेव्हां ग्रंथालयांतील एका पुस्तकाच्या आधारानें त्यानें भंगारांतून पवनचक्की उभारली.

तिची रचना आमच्या पिढीला समजावून सांगावयास नको. वाऱ्यानें पातीं फिरतात, पात्यांबरोबर सायकलचें चाक फिरतें, आणि चाकाबरोबर फिरणारा डायनामो वीज निर्माण करितो. रात्रीं सायकलवरून गांवीं परततांना आम्हीं याच युक्तीनें दिवा लावला आहे.

परंतु सायकल आणावयाची कोठून? ती बापाची. मुलगा ती मागतो, आणि बाप संतापून त्याची लहानशी प्रतिकृतीच मोडून टाकतो. त्या बापाला अडाणी म्हणणें सोपें आहे. मला मात्र तो फार जवळचा वाटला. शेत करपलें आहे, घरांत दिवसाला एकच जेवण शिजतें. अशा घरांत धड असलेली एक सायकल ही शेवटची ठेव होय. एका पोराच्या कल्पनेसाठीं ती कापूं देणें म्हणजे उरलेलें बियाणें वाऱ्यावर उधळण्यासारखेंच. तो अखेर ती देतो, तें विज्ञान कळलें म्हणून नव्हे. मुलावर विश्वास ठेवण्यावांचून त्याच्याजवळ दुसरें कांहीं उरलें नाहीं म्हणून. असे बाप मीं शाळेच्या व्हरांड्यांत पुष्कळ पाहिले आहेत.

बहीण ॲनी एका तरुण मास्तरांबरोबर घर सोडून जाते. तिच्या जाण्यानें घरांत खाणारें एक तोंड कमी होतें, आणि त्या मास्तरांच्या सायकलचा डायनामो भावाच्या हातीं येतो. त्या घराला वीज मिळाली, तिची किंमत अशी अनेकांनीं मिळून दिली.

आतां माझ्या व्यवसायाचीं दोन माणसें. मुख्याध्यापक फी न देणाऱ्या मुलास बाहेर काढतात. ते दुष्ट नाहींत. नियमानें बांधलेले आहेत. हजेरीपटावरील नांवावर रेघ मारणारा हात बहुधा असाच साध्या माणसाचा असतो. दुसऱ्या ग्रंथपाल बाई. शाळेबाहेर झालेल्या मुलाला त्या पुस्तकें वाचूं देतात. त्यांनीं ना कांहीं शोधिलें, ना कांहीं शिकविलें. केवळ दार लोटलें नाहीं. तें लोटलें असतें, तर बापाची सायकल आणि बहिणीचा त्याग यांना अर्थच उरला नसता.

चित्रपटांत पवनचक्की पाणी उपसते आणि शेत हिरवें होतें. प्रत्यक्षांत विल्यमच्या पहिल्या चक्कीनें घरांत विजेचे दिवे लागले. पाण्याचा पंप पुढें आला. मला ही खरी हकीकतच अधिक आवडते. मोठ्या कामाचें पहिलें फळ लहानच असतें, आणि त्या लहान दिव्याकडे पाहून लोक पुढच्या कामाला हात देतात. विल्यम पुढें अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांतून २०१४ सालीं पदवीधर झाला.

श्रोतेहो, शोधक होणें आपल्यापैकीं फार थोड्यांच्या नशिबीं असतें. परंतु सायकल देणारा बाप किंवा दार उघडें ठेवणाऱ्या बाई होणें कोणासहि अशक्य नाहीं. आपल्या गांवच्या वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, आणि फी थकलेल्या मुलासाठीं तें कपाट उघडतें कीं नाहीं, एवढें उद्यां आपण विचारून पाहावें, ही विनंति.