दार अजून जागेवर असतं



समर्थांचं जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात, आणि इथं तीर्थपुरीत मी मारधाडीच्या सिनेमावर बोलणार! पण समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली, तशी पढतमूर्खाचीही वेगळी सांगितली. पडद्यावर गाडी उडाली की गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मांडणारा प्रेक्षक कुठल्या समासात बसतो, ते तुम्हीच ठरवा.

मला बोलायचंय ते मालिकेतून अशा सिनेमात आलेल्या माणसांबद्दल. 'सीआयडी' मालिका १९९८ साली सुरू झाली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न आणि दयानंद शेट्टी यांचा दरवाजे तोडणारा दया घरोघरी पोचले. पुढे १५ ऑगस्ट २०१४ला 'सिंघम रिटर्न्स' आला आणि रोहित शेट्टीनं हाच दया, त्याच नावानं, बाजीराव सिंघमच्या हाताखाली आणून उभा केला. समोर बंद दार येतं. दयाला हुकूम सुटतो. शिट्ट्या तिथंच सुरू होतात. दार अजून जागेवर असतं!

गंमत आहे ती एवढ्यातच. दयाची ओळख करून द्यायला सिनेमाला मिनिटभरही खर्चावं लागलं नाही. ती सोळा वर्षं आपल्याच घरात, जेवणाच्या ताटासमोर, लाइट जायच्या आत झालेली होती. कीर्तनात आख्यान लागलं की कथा सगळ्यांना पाठ असते, तरी कुणी उठत नाही. बुवा तो प्रसंग कसा रंगवतात, ते बघायचं असतं. दाराचंही तसंच.

अमेरिकेत 'द ए-टीम' ही मालिका १९८३ ते १९८७ चालली, २०१०ला तिच्यावर सिनेमा आला. त्यात विमानातून रणगाडा खाली पडतो आणि आतले चौघे तोफ डागत डागत त्याला तळ्याकडे वळवतात. शुद्ध येडेपणा! पण त्यातला बी. ए. हा पहिलवान गडी विमान म्हटलं की गळाठतो, हे ज्याला मालिकेपासून ठाऊक आहे, त्याला दुप्पट हसू येतं. नवख्याला नुसता धूर दिसतो.

असा सिनेमा डोकं घरी ठेवून बघायचा म्हणतात. मला ते पटत नाही. आठवण बरोबर न्यावीच लागते. ती दुखावली की प्रेक्षक रुसतो. 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेचा म्होरक्या जिम फेल्प्स १९९६च्या सिनेमात चक्क गद्दार निघाला. वर्षानुवर्षं ती भूमिका केलेल्या पीटर ग्रेव्हज यांनी सिनेमात काम करायला नकार दिला. सिनेमा धो धो चालला, हे खरं. पण घरचा माणूस चोर ठरवून मिळवलेली टाळी मला तरी गोड लागत नाही. आणि २०२४च्या 'सिंघम अगेन'मध्ये नटांचीच एवढी जत्रा भरली, की दया असून नसल्यासारखा.

त्याच वर्षी डिसेंबरात 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली. उद्या कुणी तिच्यावर सिनेमा काढायला निघालं, तर माझी एकच विनंती आहे: हेलिकॉप्टर दोन कमी आणा, पण एसीपींना हवेत बोटं फिरवायला पुरेसा वेळ द्या.