दुर्बल शाळांचे पालकत्व : साहाय्य आणि उत्तरदायित्व

(सरपंच, शिक्षक व शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांच्यासमोर पंचायत समितीच्या सभागृहात केलेले भाषण)



डोंगरकपारीतील, पाड्यावरील वा ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावातील शाळेला शासनाने साहाय्य करावे, याविषयी आपणांत मतभेद नाहीत. प्रश्न त्यापुढचा आहे. साहाय्य मंजूर झाले नाही, उशिरा आले, किंवा येऊनही वर्गापर्यंत पोहोचले नाही, तर उत्तर कोणी द्यावयाचे? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. शेतसारा भरतो तो कष्टकरी रयत, आणि त्यातील शिक्षणाचा लाभ मात्र जातो वरिष्ठ वर्गाकडे, ही विसंगती त्यांनी सरकारपुढे मांडली आणि निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. १९११ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते १९१२ साली फेटाळले गेले. जे राज्य प्रजेला जबाबदार नव्हते, त्याला त्याची खंत वाटण्याचे कारणही नव्हते. मात्र १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. साधने तुटपुंजी असतानाही इच्छाशक्ती काय करू शकते, याचे ते उदाहरण होय.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शिक्षणावरील दरडोई खर्चाची तुलना अबकारी उत्पन्नाशी केली. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. लोकप्रतिनिधीने जाब कसा विचारावा, याचा हा वस्तुपाठ आहे. त्यात आरोप नव्हता, आकडे होते. आणि म्हणूनच उत्तर टाळणे कठीण होते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती मुदत १९६० साली संपली. उद्दिष्ट मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटातील मुलांसाठी ते मूलभूत हक्कात आले. त्यानुसार झालेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. साहाय्य हे औदार्य राहिले नाही, ते कर्तव्य झाले.

या कायद्यातील काही तरतुदी आपण प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक असले पाहिजेत. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे. या समितीने तयार केलेला शाळा विकास आराखडा हा शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा पाया मानलेला आहे. बालकाच्या हक्काविषयी स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा. त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते.

आता व्यवहाराकडे वळू. कित्येक गावांत समिती कागदावरच असते. सभेच्या वहीवर सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात आणि आराखडा शेजारच्या शाळेचा पाहून उतरविला जातो. मग छत गळू लागले की सारे गाव मुख्याध्यापकाला धारेवर धरते. वास्तविक दुरुस्तीचा निधी मुख्याध्यापकाच्या हाती नसतो. तो जिल्हा परिषद व जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीवर अवलंबून असतो. शिक्षकाचे पद त्याने रिक्त ठेवलेले नसते. ज्याच्या हाती अधिकार नाही त्यालाच जाब विचारणे हे उत्तरदायित्व नव्हे. शिक्षकाने अध्यापनाचा हिशेब द्यावा, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तपासणीचा, जिल्हा परिषदेने पदांचा व इमारतींचा, आणि विधिमंडळातील प्रतिनिधींनी तरतुदीचा. आश्रमशाळेचा प्रश्न असेल तर तो आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे नेला पाहिजे. योग्य दारी गेलेला एक अर्ज चुकीच्या दारी केलेल्या दहा मोर्चांहून अधिक काम करतो.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न विशेष नाजूक आहे. २०२३ पासून आपल्या राज्यात समूह शाळांची चर्चा सुरू आहे. मोठ्या शाळेत सोयी अधिक असतात, हे खरे. परंतु नकाशावरचे दोन किलोमीटर आणि आषाढातील भरल्या ओढ्यापलीकडचे दोन किलोमीटर सारखे नसतात. सहा वर्षांची मुलगी ते अंतर चालू शकेल काय, हे ग्रामसभेने लेखी कळवावे आणि निर्णय घेणाऱ्याने त्याला लेखी उत्तर द्यावे. निर्णय कोणताही होवो, तो कोणी व कोणत्या कारणास्तव घेतला हे गावाला कळले पाहिजे.

यास्तव माझी आपणांस तीन बाबतींत विनंती आहे. शाळा विकास आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. मिळालेले अनुदान आणि झालेला खर्च शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावा. रिक्त पदे व नादुरुस्त खोल्या यांची यादी दरवर्षी पंचायत समिती व जिल्हा परिषद सदस्यांना, तसेच आमदारांना द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. विधिमंडळात तारांकित प्रश्न विचारला जातो, पंचायती राज समिती लेखापरीक्षण तपासते, तेव्हा त्यामागे गावची अशी नोंद असेल तरच त्या प्रश्नाला धार येते.

शाळेतील मुलाला मत नाही, म्हणून त्याच्या वतीने विचारणे हे मतदाराचे काम आहे आणि उत्तर देणे हे आम्हा शासकीय सेवकांचे. ते आपण उभयतांनी करावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.