पाण्याची वही

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीच्या माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगण्यात आलं, "काका, जुन्या आठवणी सांगा, दहा मिनिटं." आठवणी म्हटलं की कुणाला भूमिपूजन आठवतं, कुणाला पहिला गणपती. मला पाणी आठवतं. चौदा वर्षं सचिव होतो, त्यातली निम्मी तरी व्हॉल्व्ह, मोटर आणि टँकर यांच्यातच गेली.

१९९९ साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला सहाच वर्षं झाली होती. लातुरात तीन मजली इमारतीत घर घेतलं म्हणून माझी आई रडली होती. छत अंगावर येईल ही तिची भीती. नळ कोरडा पडेल हे मात्र तिच्या किंवा माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

ही वही मी आज मुद्दाम आणली आहे. साधी दोनशे पानी वही. नळ कधी आला, किती वेळ चालला, खालची टाकी किती भरली, एवढंच यात आहे. सुरुवातीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी नोंद दिसते. २०१४ ला पाऊस कमी, २०१५ ला आणखी कमी. मग नोंदी आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने. आणि २०१६ च्या फेब्रुवारीनंतर पानं कोरीच आहेत. कारण लिहायला काही आलंच नाही.

तो उन्हाळा तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. धनेगावचं मांजरा धरण म्हणजे सुमारे २२४ दशलक्ष घनमीटरचं. त्यातला ४७ मृतसाठा. तो मृतसाठासुद्धा आपण उपसून प्यायलो. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. घागर घेऊन पाचजण एकत्र उभे राहायचे नाहीत! आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. मीही स्टेशनवर बघायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. लोकांनी घोषणा दिल्या, फोटो काढले. घरी येऊन मी हिशोब मांडला. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी पाच लाख लिटर. लातूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे माणशी एक तांब्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटरची, तेव्हा माणशी साडेसहा लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असं सरकारचंच मानक आहे.

रेल्वेला मी नावं ठेवत नाही. त्या गाड्यांनी शहर तगवलं. पुढे रेल्वेने चार कोटींच्या आसपास बिल पाठवलं, त्यावर ओरड झाली आणि ते माफ झालं. मला त्या बिलाचं मात्र कौतुक वाटलं. किती खेपा, किती वाघिणी, किती अंतर, सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. आपल्या नळाचा असा हिशोब तुम्ही कधी पाहिलाय?

आपल्याला पाणी देणाऱ्या कार्यालयाचं नाव मी घेत नाही. नळ बंद होता त्या महिन्यांचीसुद्धा पाणीपट्टी आपल्याला पूर्ण आली. मी वहीच्या झेरॉक्स जोडून अर्ज केला. एकूण पाच अर्ज केले. उत्तर एकाचं आलं, "आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे." कुणाकडे वर्ग केला ते त्यात लिहिलेलं नाही. एकदा मी स्वतः जाऊन विचारलं, साहेब, टाकीतून आमच्या भागाकडे किती लिटर सोडता? साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पंखा लावला, चहा मागवला आणि म्हणाले, "काका, आम्ही तास मोजतो, लिटर मोजायची सोय नाही." बिल कशावर लावता विचारलं, तर म्हणाले, "नळाच्या इंचावर." पाणी आलं काय न आलं काय, इंच तेवढाच राहतो!

आता टँकरचं ऐका. सहा हजार लिटरचा टँकर म्हणून आपण पैसे मोजत होतो. मी वेळूची एक काठी घेतली, टाकीचं माप काढून तिच्यावर खुणा केल्या. टँकर रिकामा झाल्यावर काठी टाकीत सोडली. पाच हजार शंभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. टँकरवाल्याला काठी दाखवली. तो आधी चिडला, "एवढा माझ्यावर विश्वास नाही का काका?" पण तिसऱ्या दिवसापासून टँकर भरून यायला लागला. एका वेळूच्या काठीने जे झालं, ते पाच अर्जांनी झालं नाही.

पण ही वही मी फक्त दुसऱ्याची चूक दाखवायला आणलेली नाही. हे दुसरं रजिस्टर आपल्या सभांच्या इतिवृत्ताचं. २०१३ सालचा ठराव आहे, "पाण्याचा दाब कमी असल्याने मुख्य जोडणीस मोटर बसविण्यात यावी. सर्वानुमते मंजूर." अक्षर माझं आहे. नळाला थेट मोटर लावायची नसते हे मला माहीत होतं, तुम्हालाही होतं. आपली टाकी भरायची, आणि मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या घरांतले नळ नुसते फुसफुसायचे. तिथल्या एक मावशी दोन वेळा गेटवर येऊन बोलून गेल्या. वॉचमनने त्यांना सांगितलं, साहेब घरी नाहीत. मी घरीच होतो.

आणि मीटर! मीटरची योजना आली तेव्हा शहरभर विरोध झाला, त्या मोर्चात आपल्या सोसायटीचे वीसेक जण होते. घोषणा द्यायला मी पुढे. दर फार आहे, खासगी माणसाच्या हातात पाणी जाईल, ही तक्रार रास्तच होती, आजही मी ती मागे घेत नाही. पण दराशी भांडता भांडता आपण मोजायलाच नको म्हणून बसलो. मग लिटरचा जाब कुठल्या तोंडाने विचारायचा?

उसाचंही तेच. त्या वर्षी सगळे क्रिकेटच्या मैदानावरच्या पाण्यावर चिडले होते. मैदान मुंबई-पुण्याचं, म्हणून चिडणं सोपं. ऊस आपल्या घरचा. माझ्या भावाचा तीन एकर आहे, इथे बसलेल्यांत निम्म्यांचा असेल. अधिसूचित भागात बारमाही पिकाला ठिबकसारखी पाणीबचतीची सोय असल्याशिवाय कालव्याचं पाणी द्यायचं नाही, अशी तरतूद २००५ च्या जलसंपत्ती कायद्यात आहे. भावाला सांगितली, तर तो म्हणाला, "आधी दुसऱ्या पिकाला उसासारखा भाव बांधून दे, मग कायदा सांग." त्याला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. ज्वारीला, तुरीला तशी खात्री कुणी देत नाही हे खरंच आहे.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा भरलं. लोक धरण बघायला गाड्या करून गेले, ओट्या भरल्या. आपल्या सोसायटीत पेढे वाटले. आणि त्यानंतरच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला नाही, हेही इतिवृत्तात आहे. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत उजनीचं पाणी येणार म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. उजनीहून उद्या पाणी आलंही, तरी ते याच फुटक्या, न मोजलेल्या नळातून येणार आहे.

माझी दहा मिनिटं संपली, चिठ्ठी आली आहे. दोनच गोष्टी सांगतो. मोटर आपण २०१७ मध्ये काढली, त्याची नोंद आहे. आणि काठी अजून पंपरूममध्ये टांगलेली आहे, सध्याचा वॉचमन रोज माप घेतो, नवी वही चालू आहे. पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सभेत विषय क्रमांक ६ आहे, प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र पाणी मीटर. विरोधाची तीन पत्रं आधीच आली आहेत असं समजतं. त्यातलं एक माझ्या मजल्यावरचं आहे. सभेला या, आणि येताना मागची पाणीपट्टीची पावतीही घेऊन या. सहावा अर्ज करायचा आहे.